एका गावाची चार नावं आणि कॉम्प्युटर म्हणतो ‘नोंद सापडली नाही’: यादीतली बिघडलेली नोंद शोधतात कशी, दुरुस्त करतात कशी?

कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर एक गाव आहे. तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर. दत्तभक्तांसाठी मोठं ठिकाण. नृसिंह सरस्वती इथे बारा वर्षं राहिले, असं मानलं जातं. पावसाळ्यात नदीचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून वाहायला लागलं की दक्षिणद्वार सोहळ्याला गर्दी उसळते. परत येताना पेढे आणि कवठाची बर्फी ठरलेली.

आता या गावाचं नाव काय? कुणी म्हणतं नृसिंहवाडी. कुणी म्हणतं नरसोबाची वाडी. कुणी दोन्ही जोडून नरसोबावाडी. आणि कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस नुसतं ‘वाडीला जाऊन आलो’ म्हणतो, तेव्हा कुठली वाडी असं त्याला कुणी विचारत नाही. इंग्रजीत तर विचारूच नका. कुणी ‘एन-ए-आर’ने सुरुवात करतं, कुणी ‘एन-आर-यू’ने, कुणी ‘एन-आर-आय’ने.

माणसाचं यात काही अडत नाही. कंडक्टरला कळतं, पोस्टमनला कळतं, पेढेवाल्याला तर कळतंच. अडतं ते कॉम्प्युटरचं. त्याच्यासाठी ही चार नावं म्हणजे चार वेगवेगळी गावं.

हसून सोडून द्यावं असा हा विषय वाटेल, पण तसा तो नाही. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्याची काय अवस्था झाली होती हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. २००५ आणि २०२१ लाही पाणी आलंच. अशा वेळी सरकारी मदत जाहीर होते, याद्या बनतात आणि पैसे बँकेच्या खात्यात येतात. म्हणजे यादीतलं नाव, आधारवरचं नाव, बँकेतलं नाव आणि गावाचं नाव या सगळ्यांचा मेळ बसावा लागतो. घर पाण्यात गेलेलं असताना एका वेलांटीसाठी फाईल अडकली तर ती चूक कॉम्प्युटरला एका अक्षराची असते, घरातल्यांना एका हप्त्याची.

म्हणून आज समजून घेऊया की या याद्या कॉम्प्युटरमध्ये राहतात कशा, त्यात बिघडलेल्या नोंदी येतात कुठून आणि जाणकार लोक त्या शोधून दुरुस्त कशा करतात.

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे काय रे भाऊ?

ऑफिसच्या कोणत्याही कॉम्प्युटरवर तुम्ही एकच युजरनेम आणि पासवर्ड टाकून आत जाता. कॉलेजच्या वायफायला, लायब्ररीच्या साइटला, ईमेलला तोच पासवर्ड चालतो. हे कसं होतं? कारण पडद्यामागे एक मध्यवर्ती यादी असते. ‘ही व्यक्ती कोण, कुठल्या विभागातली, तिला काय काय बघायची परवानगी आहे’ हे सगळं त्या यादीत असतं. ही यादी सांभाळणारा आणि कुणी विचारलं की क्षणात उत्तर देणारा जो कॉम्प्युटर, तो डिरेक्टरी सर्व्हर.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. तुम्ही गेलात की ते आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव, आणि वही उघडून पणजोबांची सही दाखवतात. मोठ्या गटातून छोट्या गटात, छोट्या गटातून एका माणसापर्यंत. डिरेक्टरी सर्व्हर याच पद्धतीने शोधतो.

या तंत्राचा जागतिक नियम १९८८ मध्ये ठरला, त्याचं नाव एक्स डॉट पाचशे. तो फार अवजड होता. मग १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात टिम होव्स आणि सहकाऱ्यांनी त्याची हलकी आवृत्ती पुढे आणली, तिला म्हणतात एलडॅप. आज ओपन-एलडॅप, मायक्रोसॉफ्टचं अॅक्टिव्ह डिरेक्टरी हे सगळे हीच भाषा बोलतात. बँका, विद्यापीठं, हॉस्पिटलं, मोठ्या कंपन्या आणि सरकारी कार्यालयांत हे तंत्र सर्रास वापरलं जातं.

एक नोंद आतून कशी दिसते?

डिरेक्टरीतल्या प्रत्येक नोंदीला एक पूर्ण पत्ता असतो आणि गंमत म्हणजे तो अगदी आपल्या पोस्टाच्या पत्त्यासारखा असतो. आपण लिहितो, ‘मु. पो. नृसिंहवाडी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर’. आधी लहान, मग मोठं, मग त्याहून मोठं, मधे स्वल्पविराम. एलडॅपमध्येही तसंच: आधी व्यक्ती, मग विभाग, मग संस्था. हा पूर्ण पत्ता साऱ्या यादीत एकमेव असावा लागतो.

पत्त्याखाली रकाने असतात. नाव, आडनाव, ईमेल, फोन, पद वगैरे. कुठल्या प्रकारच्या नोंदीत कुठले रकाने हवेतच, कुठले चालतील आणि कुठल्या रकान्यात काय लिहायचं याचं एक नियमपुस्तक असतं, त्याला स्कीमा म्हणतात.

या नियमपुस्तकातला एक नियम ऐका. ‘व्यक्ती’ या प्रकारात दोन रकाने सक्तीचे आहेत: पूर्ण नाव आणि आडनाव. आडनाव नसेल तर सर्व्हर नोंद घेतच नाही. आता ज्यांनी ठरवून आडनाव सोडलंय आणि फक्त आई-वडिलांची नावं लावलीत, त्यांचं काय? किंवा दक्षिणेतल्या ज्या लोकांना आपल्यासारखं आडनावच नसतं, त्यांचं? मग नोंद भरणारा माणूस काहीतरी जुगाड करतो. आडनावाच्या जागी टिंब टाकतो, डॅश टाकतो, नाहीतर पहिलंच नाव पुन्हा लिहितो. सर्व्हर खूश, नोंद झाली. पण बिघडलेल्या नोंदीचं बी तिथेच पेरलं गेलं.

नोंद बिघडते म्हणजे नेमकं काय होतं?

ढोबळमानाने पाच प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार, नियम मोडलेली नोंद. सक्तीचा रकाना रिकामा, फोनच्या जागी पत्ता, किंवा रकान्याचं नावच चुकीचं. इथे एक शंका येते. सर्व्हर जर नियम तपासूनच नोंद घेतो, तर अशी नोंद आत शिरलीच कशी? याची कारणं साधी असतात. जुनी हजारो माणसांची यादी एकदम भरताना वेळ वाचवायला तपासणी बंद ठेवलेली असते. किंवा नोंदी आधीच्या आणि नियम नंतरचे असतात. घर बांधून झाल्यावर नगरपालिकेने नियम बदलावेत, तसं.

दुसरा प्रकार, स्वल्पविरामाचा गोंधळ. पत्त्यात स्वल्पविराम म्हणजे ‘इथे एक पायरी संपली’ अशी खूण. कुणी विभागाच्या नावातच स्वल्पविराम टाकला, समजा ‘लेखा, आस्थापना’, आणि त्याच्या आधी ठरलेलं तिरक्या रेघेचं चिन्ह दिलं नाही, तर सर्व्हरला वाटतं की इथे दोन पायऱ्या आहेत. मग तो पत्ता चुकीचा आहे म्हणून नाकारतो.

तिसरा प्रकार, लटकलेली नावं. माणूस नोकरी सोडून गेला, त्याची नोंद काढली, पण ‘लेखा विभागाचे सदस्य’ या गटात त्याचं नाव तसंच राहिलं. गट ज्याच्याकडे बोट दाखवतोय तो माणूसच यादीत नाही. पुढे त्याच नावाचा नवा माणूस आला की जुन्याचे अधिकार आयते नव्याला मिळू शकतात. म्हणजे इथे सुरक्षेचाही प्रश्न आहे.

चौथा प्रकार, दुबार नोंद. तोच माणूस दोनदा, दोन स्पेलिंगने.

आणि पाचवा प्रकार सगळ्यात फसवा. वरून बघितलं तर दोन्ही नोंदी अगदी सारख्या दिसतात, आतून मात्र वेगळ्या असतात. मराठीत हा प्रकार भरपूर होतो, म्हणून तो नीट बघू.

‘नृ’ आणि ‘न्रु’: डोळ्याला एक, कॉम्प्युटरला दोन

‘नृसिंहवाडी’ हा शब्द कॉम्प्युटरमध्ये १० तुकड्यांनी बनतो. न, त्याची ऋकाराची खूण, स, वेलांटी, अनुस्वार, ह, व, काना, ड, दुसरी वेलांटी. पण कुणी तो ‘न्रुसिंहवाडी’ असा टाइप केला तर तुकडे होतात १२, कारण आता न, हलन्त, र आणि उकार असे चार तुकडे पहिल्याच अक्षरात आले. प्रत्येक तुकड्याला युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत ३ बाइट लागतात. म्हणजे एक नाव ३० बाइटचं आणि दुसरं ३६ बाइटचं. कॉम्प्युटरने ही दोन नावं एक मानावीत असा कुठलाही नियम जगात नाही. शुद्धलेखनाचं भान त्याला नसतं.

‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. यातला र दोन पद्धतीने टाइप होतो. एका पद्धतीत त्यासाठी स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण. स्क्रीनवर दोन्ही आडनावं हुबेहूब एक दिसतात. सर्च केलं की मात्र एक सापडतं, दुसरं नाही.

‘दुःख’मधला विसर्ग आठवा. अनेक जण घाईत विसर्गाऐवजी कीबोर्डवरचा अपूर्णविराम मारतात. दिसायला दोन टिंबंच, पण अक्षर वेगळं. तसंच आकड्यांचं. ५ आणि इंग्रजी पाच हे माणसाला एक, कॉम्प्युटरला दोन.

त्यात आपल्याकडे जुन्या फॉन्टचा वारसा आहे. युनिकोड रुळण्याआधी कार्यालयांत श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टायपिंग व्हायचं. त्या फाइलमध्ये आतली अक्षरं खरं तर इंग्रजीच्या जागांवर बसलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा घालतो. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो आणि नावाच्या जागी चिन्हांची खिचडी उरते. अशी यादी थेट नव्या सर्व्हरमध्ये चिकटवली की पूर्ण गाव अनोळखी होऊन जातं.

एलडॅपच्या नियमांत यावर थोडा उपाय आहे. दोन नावं ताडून बघताना इंग्रजीतली मोठी-लहान अक्षरं एक मानायची, जादा रिकाम्या जागा आणि काही अदृश्य खुणा धरायच्या नाहीत, असं तिथे लिहिलंय. पण गंमत अशी की डिरेक्टरीने ‘जुळलं’ म्हटलं, तरी तीच यादी पुढे एखाद्या एक्सेल फाइलमध्ये किंवा दुसऱ्या संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली की ते अक्षरन् अक्षर ताडतं आणि ‘जुळत नाही’ म्हणतं. त्यामुळे एकाच माणसाचं काम एका खिडकीवर होतं आणि दुसऱ्या खिडकीवर अडतं.

मग बिघडलेली नोंद शोधायची कशी?

पहिली पायरी शोधण्याची नाहीच. पहिली पायरी बॅकअपची. संपूर्ण यादीची प्रत काढून वेगळ्या जागी ठेवायची. इथे अनेकांचा एक गैरसमज असतो. मोठ्या संस्थेत एकाच यादीचे दोन-तीन सर्व्हर असतात आणि ते सतत एकमेकांशी मेळ ठेवतात, त्यामुळे ‘आपली प्रत तर दुसरीकडे आहेच’ असं वाटतं. पण तुम्ही एका ठिकाणी चुकून नोंद पुसली तर ती चूकही काही सेकंदांत बाकीच्या सर्व्हरवर पोहोचते. तो आरसा आहे, बॅकअप नव्हे.

दुसरी पायरी, यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवायची. या फाइलला एलडीआयएफ म्हणतात. एका ओळीत एक रकाना: आधी रकान्याचं नाव, मग अपूर्णविराम, मग मजकूर. इथे एक छान सुगावा मिळतो. मजकुरात साध्या इंग्रजीपलीकडचं एकही अक्षर असेल, किंवा सुरुवातीला रिकामी जागा असेल, तर ही फाइल तो मजकूर सांकेतिक रूपात लिहिते आणि एका अपूर्णविरामाऐवजी दोन देते. शेवटी रिकामी जागा असेल तरी बहुतेक साधनं असंच करतात. मराठी नावापुढे दोन अपूर्णविराम दिसले तर चिंता नको, ते येणारच. पण इंग्रजीत लिहिलेल्या ईमेलपुढे किंवा युजरनेमपुढे दोन दिसले, तर तिथे काहीतरी न दिसणारं घुसलंय हे नक्की समजायचं. बहुतेकदा व्हॉट्सअॅप किंवा वर्डमधून कॉपी करताना आलेली रिकामी जागा किंवा अदृश्य खूण निघते.

तिसरी पायरी, नियमपुस्तकाशी ताडणी. ओपन-एलडॅपमध्ये यासाठी ‘स्लॅपस्कीमा’ नावाचं साधन आहे. ते सगळी यादी चाळतं आणि नियमाबाहेरच्या नोंदी दाखवतं. अॅक्टिव्ह डिरेक्टरीसाठी मायक्रोसॉफ्टचं ‘आयडीफिक्स’ आहे. ते दुबार नोंदी, चुकीची चिन्हं, रिकामे रकाने शोधून तक्ता देतं आणि दुरुस्ती सुचवतं. पण बदल करायचा की नाही हे प्रत्येक ओळीसमोर माणसालाच ठरवावं लागतं. ही मुद्दाम ठेवलेली सोय आहे.

चौथी पायरी, उलटा प्रश्न विचारायचा. ‘ईमेल असलेली माणसं दाखव’ असं विचारून चूक सापडत नाही. ‘ईमेल नसलेली दाखव’ असं विचारायचं. ‘आडनावाच्या रकान्यात फक्त टिंब असलेली दाखव’, ‘एकच मोबाइल नंबर असलेल्या दोन नोंदी दाखव’. चूक नेहमी जे असायला हवं आणि नाही, त्यात लपलेली असते.

सर्व्हरचे चुकीचे संदेशही मदत करतात, त्यांना ठरलेले नंबर असतात. ३२ म्हणजे अशी नोंदच नाही. ३४ म्हणजे पत्त्याची रचना चुकली. २१ म्हणजे रकान्यातला मजकूर नियमात बसत नाही. ६५ म्हणजे नोंदीच्या प्रकाराचा नियम मोडला. ६८ म्हणजे अशी नोंद आधीच आहे.

यातला ६५ नंबर फार छळतो. समजा, एका नोंदीत आडनाव नाही आणि ती तशीच वर्षानुवर्षं पडून आहे. आज तुम्ही फक्त तिचा फोन नंबर बदलायला गेलात. सर्व्हर बदल करताना पूर्ण नोंद तपासतो, त्याला आडनाव दिसत नाही आणि तो फोन बदलायलाही नकार देतो. काउंटरवरच्या माणसाला वाटतं फोन नंबर चुकला. तो पाच वेळा नंबर तपासतो. चूक तिथे नसतेच. ‘सिस्टिम घेत नाही’ हे वाक्य आपण खिडकीवर ऐकतो, त्यामागे कधी कधी अशी जुनी, भलतीकडची चूक असते.

दुरुस्त करताना काय पाळतात?

एक, आधी प्रतीवर करून बघायचं. चालत्या सर्व्हरवर प्रयोग करायचे नाहीत.

दोन, नोंद पुसून नवी करण्याचा मोह टाळायचा. प्रत्येक नोंदीला सर्व्हर आतून एक गुप्त ओळख क्रमांक देतो. रकाना बदलला तर तो क्रमांक टिकतो. नोंद पुसून तशीच नवी केली तर क्रमांक नवा मिळतो. मग गट, परवानग्या, ईमेलची पेटी यांचे जुने धागे तुटू शकतात. दिसायला माणूस तोच, पण यंत्रणेसाठी तो आज जन्मलेला.

तीन, केलेला प्रत्येक बदल एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. आधी काय होतं, आता काय केलं, कुणी केलं, कधी केलं. उद्या दुरुस्तीच चुकली असं लक्षात आलं तर परत फिरायला वाट हवी.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: नोंद नियमात बसवणं वेगळं आणि नोंद खरी करणं वेगळं. ‘शिरोळ’चं ‘शिरोल’ झालं असेल तर ते सुधारता येतं. पण ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ अशा दोन नोंदी दिसल्या की त्या एकाच माणसाच्या आहेत असं मशिनने किंवा ऑपरेटरने परस्पर ठरवायचं नाही. ते दोन सख्खे भाऊही असू शकतात. मूळ कागद बघायचा, शक्य असेल तर त्या माणसाला विचारायचं. घाईने केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा महाग पडते, कारण ती नियमात बसत असल्यामुळे पुन्हा कुठल्याच तपासणीत सापडत नाही.

हेच सगळं सातबाऱ्यावर झालंय

हे वाचून तुम्हाला वाटेल की ही आयटीवाल्यांची कटकट आहे. पण महाराष्ट्राने याच कामाची एक प्रचंड मोहीम केली आहे. तिचं नाव सातबाऱ्याचं संगणकीकरण.

हाताने लिहिलेले सातबारे कॉम्प्युटरवर उतरवताना चुका होणारच होत्या. नाव चुकलं, क्षेत्र चुकलं, कुठे वारस सुटला. मग २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. तलाठ्याने चावडीवर बसून सातबारा मोठ्याने वाचायचा आणि गावकऱ्यांनी चूक सांगायची. डिरेक्टरीच्या भाषेत ही नियमपुस्तकाच्या पलीकडची तपासणी होती. क्षेत्राची बेरीज जुळते का हे सॉफ्टवेअर सांगू शकतं. पण ‘हा खातेदार माझा चुलता, त्याचं नाव असं नाही’ हे सांगायला माणूसच लागतो. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला.

आता दुरुस्तीचा नियम बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५५ लेखनातली चूक सुधारायची मुभा देतं. लेखनातली, म्हणजे उतरवताना झालेली. संबंधितांनी मान्य केलेली चूकही सुधारता येते. पण पाहणी करताना अधिकाऱ्याला स्वतःला चूक दिसली, तर संबंधितांना नोटीस देऊन हरकती निकाली काढल्याशिवाय तो ती सुधारू शकत नाही. जमिनीचा मालक कोण, हा वाद ‘टायपिंग मिस्टेक’ म्हणून मिटवायची ही जागा नव्हे.

आणि फेरफार आठवा. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुनं नाव खोडरबराने पुसत नसत. त्याला कंस करत आणि नव्या नावापुढे फेरफार क्रमांक लिहीत. कुठला बदल कशामुळे झाला हे पन्नास वर्षांनीही सापडावं म्हणून. सर्व्हर सांभाळणारे आज बदलांची जी फाइल ठेवतात, ती म्हणजे त्यांची फेरफार नोंदवही.

नावाला पर्याय: एक क्रमांक

नावांचा हा घोळ मिटवायचा एक जुना उपाय आहे. नाव काहीही असो, क्रमांक एक ठेवा.

१५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान. सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते आणि चुकीची स्पेलिंग यांमुळे पत्रं भरकटत होती. सहा आकड्यांनी तो प्रश्न बराच सोडवला. कोल्हापूरच्या पत्त्यावर ४१६ ने सुरू होणारा पिन दिसला की भाषा न कळणाऱ्या पोस्टमास्तरलाही दिशा कळते.

आज सरकारी संगणकांसाठी असंच काम केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक स्वराज्य संस्थांची डिरेक्टरी करते, तिला एलजीडी म्हणतात. तिथे प्रत्येक राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि ग्रामपंचायत यांना स्वतंत्र कोड आहे. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावासोबत हा कोडही छापायला सुरुवात झाली. म्हणजे एका विभागाने नृसिंहवाडी लिहिलं आणि दुसऱ्याने नरसोबाची वाडी, तरी कोड एक असेल तर दोन्ही कॉम्प्युटरना कळतं की गाव एकच.

अर्थात क्रमांक हा रामबाण नाही. क्रमांकच चुकीचा टाकला तर? ‘नृसिंहवाडी’ऐवजी ‘न्रुसिंहवाडी’ वाचताना माणसाला चूक दिसते तरी. सहा आकड्यांत एक आकडा चुकला तर कुणालाच काही दिसत नाही आणि नोंद थेट दुसऱ्या गावात जाऊन बसते. म्हणून क्रमांक आणि नाव दोन्ही ठेवतात आणि एकाने दुसऱ्याला ताडतात.

तुम्ही काय करू शकता?

आधी अफवांबद्दल. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे मराठीत भरलेले अर्ज बाद होणार, अशी चर्चा सोशल मीडियावर जोरात पसरली होती. तेव्हा महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी मराठीतले अर्ज बाद होणार नाहीत, असा खुलासा केला. दोन यंत्रणांमध्ये लिपीचा मेळ बसवणं हे त्या यंत्रणांचं काम आहे. मराठीत नाव लिहिणं ही चूक नाही. असा मेसेज आला तर फॉरवर्ड करण्याआधी अधिकृत खुलासा शोधा.

आता कामाच्या गोष्टी.

• आधार, बँक पासबुक, मतदार यादी आणि जमीन असेल तर सातबारा, हे चार कागद एकदा शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर ताडा. पूर आल्यावर हे काम सुचत नाही.

• मतदार यादीतल्या दुरुस्तीसाठी नमुना ८ असतो. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून तिथे नीट विचार करून एकच रूप ठरवा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा.

• संगणकीकृत सातबाऱ्यातली लेखनाची चूक असेल तर ई-हक्क पोर्टलवरून किंवा तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे अर्ज करता येतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल सोबत ठेवा. मूळ कागदाशिवाय कुठलीच दुरुस्ती पुढे सरकत नाही.

• ऑनलाइन फॉर्म भरताना नाव कुठून तरी कॉपी-पेस्ट करू नका, टाइप करा. शेवटी रिकामी जागा सुटली नाही ना, हे बघा. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम मारू नका.

• खिडकीवर ‘सिस्टिम घेत नाही’ असं उत्तर मिळालं तर स्क्रीनवर नेमका काय संदेश आला ते विचारा आणि लिहून घ्या. अडलेला रकाना तुम्ही बदलताय तोच असेल असं नाही. जुन्या नोंदीतलं काही राहिलंय का, हे तपासायला सांगा.

• आणि तुम्ही स्वतः अशा खिडकीच्या पलीकडे बसत असाल, कॉलेजात, सोसायटीत, ग्रामपंचायतीत, तर आडनावाच्या रकान्यात टिंब टाकून पुढे जाऊ नका. आज वाचलेली दोन मिनिटं उद्या कुणाचे तरी दोन महिने खातात.

वाडीला जाणारा भाविक गाडीत बसताना नाव कसंही उच्चारतो आणि तरीही संगमावर पोहोचतो, कारण रस्त्यात समजून घेणारी माणसं भेटतात. याद्या आता कॉम्प्युटरकडे गेल्या आहेत आणि त्याला समजून घेता येत नाही, फक्त जुळवता येतं. म्हणून आपल्या नावाची नोंद नीट आहे ना, हे पाणी ओसरल्यावर नाही, पाणी चढायच्या आधी बघून ठेवायचं.